बर्फाच्या पिंजऱ्यांतील वायु

सायबीरिया, अलास्का व कॅनडा या प्रदेशांतील सदैव गोठलेली जमीन वितळूं लागली असून, तिच्या पोटांत कोंडलेला वायु एकदम बाहेर पडला म्हणजे पृथ्वीवर अनर्थ ओढवेल, अशा आशयाच्या वार्ता अलीकडे वारंवार वाचनांत येतात. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं याविषयीं पृच्छा केली आहे. एका गृहस्थांनीं लिहिलें आहे कीं, त्यांच्या घरांतील कॉलेजांत शिकणारीं मुलें पंक्तींत हाच विषय काढतात, आणि ‘सारेंच बुडावयाचें असेल तर दिवे मालवून व पाणी जपून काय साधणार?’ असें वडीलधाऱ्यांस विचारतात. वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, हें सारें वर्तमानपत्रवाल्यांनीं उठविलेलें थोतांड आहे. यांत खरें कोणाचें, असा त्या गृहस्थांचा प्रश्न आहे.

प्रश्न मार्मिक आहे. कारण एका पक्षाच्या भीतीचें व दुसऱ्या पक्षाच्या बेफिकिरीचें पर्यवसान एकाच गोष्टींत होतें, आणि ती म्हणजे हातावर हात ठेवून बसणें. यास्तव प्रस्तुत विषयाचा विचार थोडा मुळापासून करावयाचें आम्हीं योजिलें आहे. परभणीहून पूर्णेस जाणाऱ्या लोहमार्गावरील आमच्या पिंगळीस बर्फाचें दर्शन घडावयाचें तें उन्हाळ्यांत, रसवंतीवर. तेव्हां उत्तर ध्रुवाकडील बर्फाशीं आम्हां मराठवाडेकरांचा संबंध तो काय, असें कोणासहि वाटेल. परंतु संबंध आहे, आणि तो गोदावरीच्या द्वारें आहे. तो पुढें यथाक्रम येईलच.

प्रथम हा पदार्थ काय आहे तें पाहूं. पाणी गोठूं लागलें म्हणजे त्याचे रेणू एका ठराविक रचनेंत एकमेकांचे हात धरून उभे राहतात. साध्या बर्फांत ही रचना एका प्रकारची असते. परंतु थंडी असून शिवाय मोठा दाब असेल, आणि जवळपास योग्य असा वायु असेल, तर तेच रेणू निराळ्या रीतीनें जुळतात; त्यांचे सूक्ष्म पिंजरे बनतात व प्रत्येक पिंजऱ्यांत वायूचा एकेक रेणू अडकून बसतो. या स्फटिकास शास्त्रज्ञ गॅस हायड्रेट म्हणतात. दिसावयास तें बर्फासारखेंच पांढरें असतें. पण पिंजऱ्यांत मिथेन असेल तर त्यास काडी लावतांच तें पेट घेतें. एकीकडे ज्वाळा निघते व दुसरीकडे पाणी ठिबकतें. गोठ्यामागील गोबरगॅसच्या टाकींत तयार होतो व शहरांतून नळानें स्वयंपाकघरांत येतो, तोच हा मिथेन वायु. या पिंजऱ्यांत तो इतका दाटीनें भरलेला असतो कीं, एक घनमीटर हायड्रेट फुटलें असतां त्यांतून सुमारें १६४ घनमीटर वायु निघतो.

या पदार्थाचा शोध कांहीं नवा नाहीं. सर हंफ्री डेव्ही यांस १८१० सालीं क्लोरीन वायु व थंड पाणी यांच्या संयोगापासून असे स्फटिक होतात असें आढळून आलें, आणि त्यांचे शिष्य मायकेल फॅरडे यांनीं १८२३ सालीं त्यांचें पृथक्करण केलें. पुढें शंभर वर्षें ही एक प्रयोगशाळेंतील गंमत होऊन राहिली. १९३४ सालीं हॅमरश्मिट नामक अमेरिकन रसायनज्ञानें दाखविलें कीं, थंडीच्या दिवसांत वायूचे नळ तुंबतात ते साध्या बर्फानें नव्हे तर हायड्रेटनें. तेव्हांपासून कारखानदारांचें लक्ष तिकडे गेलें. आणि सृष्टीनें स्वतःच हा पदार्थ भूगर्भांत प्रचंड प्रमाणांत सांठविला आहे, हें १९६० नंतर सायबीरियांतील वायुक्षेत्रांत काम करणाऱ्या रशियन शास्त्रज्ञांच्या प्रत्ययास आलें.

पिंजऱ्याचे पहारेकरी दोन. एक थंडी व दुसरा दाब. यांपैकीं एक दुबळा झाला तर दुसऱ्यानें अधिक जोर लावावा लागतो. सोड्याच्या बाटलीचें बूच काढतांच फसफसून वायु बाहेर येतो, कारण दाब गेला. आणि बाटली गार असेल तर फसफस कमी होते, कारण थंडी शिल्लक असते. येथेंहि स्थूलमानानें असाच प्रकार आहे. शून्य अंश उष्णतामानास मिथेनचें हायड्रेट टिकावयास वातावरणाच्या सुमारें सव्वीसपट दाब लागतो. खोल समुद्रांत हजार मीटर पाण्याखालीं दाब शंभरपट असल्यामुळें दहा अंश उष्णतामानांतहि तें सुखानें नांदतें. म्हणून या पदार्थाचीं वसतिस्थानें दोनच. एक खोल समुद्राचा तळ, आणि दुसरें ध्रुवाकडील नित्यगोठित भूमीचा खालचा थर. पैकीं सुमारें नव्व्याण्णव टक्के सांठा समुद्राखालीं असून, गोठित भूमीच्या वांट्यास अवघा एक टक्का येतो, असा जाणत्यांचा अंदाज आहे.

पर्माफ्रॉस्ट म्हणून जिला म्हणतात, ती ही नित्यगोठित भूमि. जी जमीन निदान दोन वर्षें सतत शून्य अंशाखालीं राहते ती या संज्ञेस पात्र होते. परंतु सायबीरियांत ती हजारों वर्षें गोठलेली असून कांहीं ठिकाणीं तिची जाडी दीड हजार मीटरपर्यंत आहे. उन्हाळ्यांत वरचा हात-दोन हात थर सैल होतो, त्यावर गवत व खुरटीं झुडपें उगवतात, आणि हिवाळा येतांच तो पुन्हा दगड होतो. हायड्रेट या वरच्या थरांत नसतें. पुरेसा दाब मिळण्यासाठीं त्यास सामान्यतः दोनशें मीटर किंवा त्याहून अधिक खोल राहावें लागतें. वाचकांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा. कारण सर्व वादाचें मर्म त्यांत आहे.

उत्तर ध्रुवाचा प्रदेश गेल्या चार-साडेचार दशकांत पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगानें तापला आहे. २० जून २०२० रोजीं सायबीरियांतील वेर्खोयान्स्क या गांवीं पारा ३८ अंशांवर गेला होता. हें तें गांव, कीं जें जगांतील अत्यंत थंड वस्त्यांपैकीं एक म्हणून भूगोलाच्या पुस्तकांत मुलें पाठ करीत. तेव्हां जमीन तापत आहे यांत संशय नाहीं. प्रश्न इतकाच कीं, वरची ही उष्णता दोनशें मीटर खालीं कधीं पोंचणार?

याचें उत्तर आपल्याकडील जुन्या लोकांस अनुभवानें ठाऊक होतें. वैशाखांत परभणीचा पारा चाळिसांच्या पुष्कळ वर जातो आणि अंगणांतील फरशीवर पाऊल ठरत नाहीं. परंतु जमिनींत खणलेल्या पेवांतील जोंधळ्यास त्या उन्हाची वार्ताहि लागत नसे. पिंगळीच्या जुन्या बारवेच्या पायऱ्या भर दुपारीं उतरूं लागल्या कीं दर पायरीगणिक गारवा वाढतो. मातीमधून उष्णता अत्यंत सावकाश उतरते. तिचा नियम असा कीं, खोली दुप्पट झाली तर काळ चौपट लागतो, आणि खोली दसपट झाली तर शंभरपट. दहा मीटर उतरावयास तिला सुमारें तीन वर्षें लागतात असें धरलें, तर शंभर मीटरांस तीनशें वर्षें आणि दोनशें मीटरांस बाराशें वर्षें लागतील. बाराशें वर्षांपूर्वीं या आमच्या मुलुखावर अमोघवर्ष राष्ट्रकूट राज्य करीत होता. त्याच्या कारकीर्दींत निघालेली उष्णता आज त्या थरास पोंचेल, असा हा हिशेब आहे.

आणि हा हिशेबहि कोरड्या मातीचा. गोठित भूमींत बर्फ असतें, व एक ग्रॅम बर्फाचें पाणी करावयास ८० कॅलरी उष्णता खर्च होते; म्हणजे वाटेंतील प्रत्येक थर आपला कर घेतल्यावांचून उष्णतेस पुढें सोडीत नाहीं. शिवाय हायड्रेट फुटतांनाहि उष्णता शोषून घेतें, त्यामुळें भोंवतालची जागा गार होऊन फुटण्याचा वेग मंदावतो. एका ठिणगीनें सारी गंजी पेटावी, तसा हा प्रकार मुळींच नव्हे.

समुद्राखालील सांठ्यासहि असेच अडसर आहेत. तळावर सुटलेला मिथेन पाण्यांतून वर येऊं लागला म्हणजे त्यांतील बराच भाग पाण्यांत विरतो, व चिखलांतील आणि पाण्यांतील सूक्ष्म जंतु त्याचा फडशा पाडतात. ह्या सर्व गोष्टी ध्यानीं घेऊन जागतिक हवामान-समितीनें, म्हणजे आयपीसीसीनें, २०२१ सालच्या अहवालांत असा निर्णय दिला कीं, हायड्रेटमधून सुटणाऱ्या वायूमुळें या शतकांत पृथ्वीच्या तापण्यांत जाणवण्याजोगा फरक पडण्याचा संभव फारच थोडा आहे.

याला इतिहासाची साक्षहि आहे. गेलें हिमयुग संपतांना, म्हणजे सुमारें १८,००० ते ८,००० वर्षांपूर्वींच्या काळांत, पृथ्वी मोठ्या प्रमाणांत तापली. त्या वेळच्या हवेचे बुडबुडे दक्षिण ध्रुवाच्या बर्फांत अडकून राहिले आहेत. ते फोडून शास्त्रज्ञांनीं त्यांतील मिथेन तपासला. पुरातन सांठ्यांतील कार्बनमध्यें किरणोत्सर्गी अंश उरलेला नसतो, त्यामुळें जुना मिथेन कोणता व ताजा कोणता हें ओळखतां येतें. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या या तपासणीचा निष्कर्ष असा कीं, त्या काळीं वाढलेल्या मिथेनमध्यें जुन्या सांठ्यांचा भाग अगदीं थोडा होता. पुष्कळसा वायु दलदलींतून नित्याप्रमाणें निघालेला होता. मात्र यावरून निःशंक व्हावयाचें कारण नाहीं. त्या वेळीं ही ऊब हजारों वर्षांत आली, आणि आजची शेंदीडशें वर्षांत येत आहे.

अपवादात्मक स्थळें आहेत, आणि तीं लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. २०१४ सालीं रशियाच्या उत्तरेस यमल द्वीपकल्पांत जमीन आंतून फुटून वीस-तीस मीटर रुंदीचा खोल खड्डा पडलेला विमानांतून दिसला. हें नांव वाचून संस्कृतज्ञांस जुळ्यांची आठवण होईल. पण तेथील नेनेत्स लोकांच्या भाषेंत यमल म्हणजे भूमीचें टोक. खड्ड्याच्या तळाशीं मिथेनचें प्रमाण पुष्कळ आढळलें, व पुढें असे आणखीहि खड्डे सांपडले. हे स्फोट उथळ थरांत अडकून राहिलेल्या हायड्रेटमुळें होतात, कीं खोलांतून भेगांवाटे चढणाऱ्या वायूमुळें, याविषयीं एकमत नाहीं. दुसरें स्थळ पूर्व सायबीरियाचा उथळ समुद्र. हिमयुगानंतर समुद्राचें पाणी सुमारें १२० मीटर चढलें आणि गोठलेली विस्तीर्ण भूमि त्याखालीं बुडाली. समुद्राचें पाणी कितीहि थंड असलें तरी पूर्वींच्या हवेपेक्षां तें ऊबदारच. म्हणून तेथें उष्णतेचा प्रवास हजारों वर्षांपूर्वींच सुरू झाला आहे. तेथून मिथेनचे बुडबुडे निघतात हें शाखोवा व सेमिलेतोव्ह या रशियन संशोधकांनीं २०१० सालीं जगापुढें मांडलें. पण त्यांत हायड्रेटचा भाग किती व नव्यानें तापल्याचा परिणाम किती, यावर इतर शास्त्रज्ञांचे तीव्र आक्षेप आहेत.

मग वडील मंडळींचें म्हणणें खरें ठरलें काय? नाहीं. तळघरांतील तिजोरी सुरक्षित आहे म्हणून ओसरीवरील आग दुर्लक्षावी, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. गोठित भूमीचा खरा धोका तिच्या वरच्या थरांत आहे. हजारों वर्षें मेलेलें गवत, शेवाळ, मुळें, जनावरांचे अवशेष, हें सारें तेथें न कुजतां गोठून पडलें आहे. या सेंद्रिय द्रव्यांतील कार्बन सुमारें १५०० अब्ज टन भरतो, म्हणजे आज वातावरणांत असलेल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट. ओल व ऊब लागली कीं बळदांतील धान्यास बुरशी यावी, त्याप्रमाणें थर वितळतांच जंतु कामास लागतात. कोरड्या जागीं कार्बन डायऑक्साइड निघतो व पाणथळ जागीं मिथेन. हें कार्य हळूहळू, गाजावाजा न होतां, परंतु आजच चालू आहे. आणि येथें उष्णतेस दोनशें मीटर नव्हे, दोन-चार मीटरच उतरावयाचें आहे. त्यामुळें पृथ्वी आणखी तापते, आणि तापल्यानें आणखी थर वितळतो. व्याजावर व्याज चढावें तसें हें चक्र आहे.

आतां गोदावरीकडे वळूं. आमच्या भागांतील काळी माती ही साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या ज्वालारसाच्या खडकांची झीज होय. पिंगळीच्या शिवारांतून पावसाळ्यांत वाहून जाणारी माती दुधना-पूर्णेच्या मार्गानें किंवा सरळ गोदेस मिळते, आणि गोदावरी ती बंगालच्या उपसागरांत नेऊन टाकते. पैठणचें जायकवाडी व त्यानंतरचीं अनेक धरणें झाल्यापासून पुष्कळ गाळ अडून राहतो. परंतु त्यापूर्वीं लाखों वर्षें हें दान अखंड चाललें होतें. त्या गाळांत गाडल्या गेलेल्या सेंद्रिय द्रव्यावर जंतूंनीं काम केलें, मिथेन झाला, आणि समुद्रतळाच्या थंडीनें व दाबानें त्याचें हायड्रेट झालें.

भारत सरकारच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाखालीं २००६ सालीं ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ या जहाजानें आपल्या किनाऱ्यांभोंवतीं २१ ठिकाणीं समुद्रतळ खोदून पाहिला. कोंकण-केरळच्या समुद्रांत कांहीं हातीं लागलें नाहीं. परंतु कृष्णा-गोदावरीच्या मुखांसमोर, सुमारें हजार मीटर पाण्याखालीं, एके ठिकाणीं सव्वाशें मीटरांहून अधिक जाडीच्या थरांत हायड्रेट सांपडलें. विशेष हें कीं, तें चिकण गाळाच्या उभ्या भेगांतून भरलेलें होतें. चैत्रांत आमच्या काळ्या रानांस ज्या भेगा पडतात त्या ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस या चित्राची कल्पना सहज येईल. २०१५ सालीं ‘चिक्यू’ या जपानी जहाजानें दुसरी मोहीम पार पाडली. गोव्यांत दोनापावल येथें असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं याच भागांत तळांतून मिथेन पाझरतो अशा जागा व त्यांच्या आधारानें जगणारी जीवसृष्टीहि शोधून काढली आहे. गोठित भूमीच्या हायड्रेटशींहि भारताचा संबंध आलेला आहे. कॅनडांतील मॅकेंझी नदीच्या मुखाशीं मॅलिक येथें २००२ सालीं झालेल्या प्रयोगांत आपल्या तेल व वायु मंडळांचा वांटा होता. गोव्यांतीलच वास्को येथील ध्रुव-संशोधन केंद्राच्या देखरेखीखालीं २००८ पासून स्वालबार्ड बेटांवर ‘हिमाद्रि’ हें आपलें ठाणें चालू आहे.

हा गोदेच्या गाळांतील ठेवा काढावा कीं काढूं नये, हा आपल्या देशापुढील खरा प्रश्न आहे. जपाननें २०१३ सालीं समुद्राखालून हा वायु काढून दाखविला, पण सहा दिवसांत विहिरींत वाळू शिरून काम थांबलें. चीननें २०१७ सालीं तसाच प्रयोग केला. विक्रीयोग्य उत्पादन अद्याप कोणासहि साधलेलें नाहीं. दगडी कोळशापेक्षां मिथेन जाळण्यानें धूर व कार्बन कमी निघतो, हें एका बाजूस. पण वाटेंत थोडीशीहि गळती झाली तर नफ्याचा तोटा होतो, हें दुसऱ्या बाजूस. कारण न जळतां सुटलेला मिथेन वीस वर्षांच्या मुदतींत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें ऐंशीपट ताप धरून ठेवतो. आमचें मत असें कीं, अभ्यास अवश्य करावा, परंतु हा ठेवा भविष्यांतील इंधन म्हणून आजच हिशेबांत धरून सूर्य व वारा यांजकडे पाठ फिरवूं नये. सृष्टीनें कुलूप लावून ठेवलेली जी वस्तु तापलेली पृथ्वीहि या शतकांत फारशी उघडूं शकत नाहीं, ती मनुष्यानें आपल्या हातानें उघडावयाची असेल तर कारणहि तितकेंच भक्कम हवें.

आतां मुलांच्या प्रश्नाचें उत्तर. सारें एका दिवसांत बुडणार आहे, ही समजूत शास्त्रास धरून नाहीं. उत्तर ध्रुवाचा वरचा थर किती वितळावा हें पृथ्वी किती तापते यावर, आणि पृथ्वी किती तापते हें मनुष्यें काय जाळतात यावर अवलंबून आहे. अर्ध्या अंशाचा फरकहि तेथें हजारों चौरस कोसांचा फरक होय. मिथेनपुरतें बोलावयाचें तर आज हवेंत जाणाऱ्या मिथेनपैकीं सुमारें तीन-पंचमांश मनुष्याच्याच उद्योगांतून जातो. गुरें, भातखाचरें, कचऱ्याचे ढीग, कोळशाच्या खाणी, गळके नळ, हीं त्याचीं उगमस्थानें. अठराव्या शतकांत हवेच्या एक अब्ज भागांत मिथेनचे सुमारें ७३० भाग होते, ते आज १९०० हून अधिक झाले आहेत. परंतु हा वायु हवेंत सुमारें बारा वर्षेंच टिकतो. म्हणून आज गळती थांबविली तर तिचें फळ आज कॉलेजांत असलेलीं मुलें स्वतःच्या संसारांत पाहूं शकतील. कार्बन डायऑक्साइडची गोष्ट तशी नाहीं. त्याचें ऋण नातवंडांच्या नातवंडांसहि फेडावें लागतें, आणि दिवा मालवण्याचें महत्त्व तें हेंच.

ज्या कुटुंबांत गुरें आहेत, त्यांनीं शेण उघड्या खड्ड्यांत न कुजवितां गोबरगॅसची टाकी बांधावी. मिथेन जळून गेला म्हणजे त्याचा बहुतेक उपद्रव टळतो, चूल पेटते व खतहि मिळतें. शहरांत राहणाऱ्यांनीं भाजीपाल्याचा ओला कचरा निराळा ठेवून त्याचें घरच्या घरीं खत करावें. नगरपालिकेच्या ढिगाऱ्याखालीं वारा न लागतां कुजला तर त्यापासून हाच वायु होतो. ह्या गोष्टींनीं एकट्या घराचें पुण्य फारसें वाढणार नाहीं, परंतु पंक्तींत या विषयावर बोलावयाचा अधिकार प्राप्त होईल. आणि मराठवाड्यास तर उत्तर ध्रुवाच्या वार्तेची वाट पाहण्याचें कारणच नाहीं. २०१६ सालीं मिरजेहून लातुरास आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें, तेव्हां पाण्याची टंचाई म्हणजे काय तें आपण पाहिलेंच आहे.

नित्यगोठित भूमि केवळ दूरदेशींच आहे असेंहि नाहीं. ती आपल्या हिमालयांतहि आहे. ७ फेब्रुवारी २०२१ रोजीं चमोली जिल्ह्यांत ऋषिगंगेच्या खोऱ्यांत बर्फासह खडकाचा कडा कोसळून जो प्रलय झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें सिक्कीमचें दक्षिण ल्होनाक सरोवर जें फुटलें, त्यांचा या विषयाशीं काय संबंध पोंचतो, याचा विचार पुढील मासीं करूं.